डाव्या हाताची पट्टी

मुलांनो, जरा डोळे मिटा. नको, राहू द्या. मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच बघा.

एक लांबच लांब दालन आहे. उंच भिंती, फरशी घासून घासून गुळगुळीत झालेली, मधोमध माणसाच्या डोक्याच्या वर एक दोर आडवा बांधलेला. एका भिंतीला लागून दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांवर माणसं खेटून बसली आहेत. खेळ त्यांच्या पायाशीच चाललाय. मध्ये जाळी नाही, कठडा नाही, काही नाही. चेंडू कातड्याचा, लिंबाएवढा, पण गोट्यासारखा टणक, आणि तो मारायचा नुसत्या हातानं. कधी तो भिंतीवर आपटतो, कधी फरशीवर, कधी एखाद्याच्या बरगडीत. ज्याला लागतो तो कळवळतो आणि शेजारचे हसतात.

सगळ्यात खालच्या पायरीवर दहा वर्षांची एक मुलगी बसली आहे. आत्ता कुणी हसत नाही. सगळं दालन गप्प आहे आणि तिच्याकडं बघतंय.

तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? थांबा, इतक्यात उत्तर देऊ नका. ती तिथं कशी येऊन बसली ते आधी ऐका.

तिचं नाव अलोदिया. डोंगरातल्या गावची. आजोबांबरोबर दोन दिवसांसाठी वॅलेन्सियाला आली होती. मार्च उजाडला होता आणि शहरात सणाची धामधूम होती. गल्लीगल्लीत पोरं फटाके फोडत होती आणि प्रत्येक आवाजाला अलोदिया आजोबांची बाही धरत होती.

"गावात लांडगा आला तर दगड घेऊन धावतेस," आजोबा म्हणाले, "आणि इथं लवंगी फटाक्याला घाबरतेस?"

"लांडगा आधी दिसतो, आजोबा. हा दिसतच नाही."

आजोबांचं नाव फेर्मीन. जन्मभर गावात न्हावीकाम केलेलं. त्यांना दोनच गोष्टींचा शौक होता, चित्रं बघायचा आणि जावयाची चेष्टा करायचा. शहरात आलं की दोन्ही हौशी भागायच्या. सकाळ पुतळ्यांच्या प्रदर्शनात आणि संध्याकाळ जावयाच्या सामन्याला, असा त्यांचा बेत ठरलेला असे.

प्रदर्शनात शेकडो पुतळे मांडले होते. रंगीत, गमतीदार, काही हुबेहूब. सणाच्या शेवटच्या रात्री ते सगळे चौकाचौकांत जळणार होते, एक सोडून. तो एक कोणता, हे बघायला येणाऱ्यांनीच ठरवायचं. शहरातला असो, परका असो, म्हातारा असो की पोर, जो आत येईल त्याला एक मत.

अलोदियाला एक आजीबाई आवडली. खिडकीशी बसलेली, मांडीवर फाटका सदरा, मान किंचित वाकडी. तिच्यासमोरून ती हलेचना.

"आता आपला खेळ," आजोबा म्हणाले.

हा खेळ त्यांनी तिला फार लहानपणी शिकवला होता. आधी मन भरेपर्यंत बघायचं, मग डोळे मिटायचे, आणि काय काय होतं ते सांगायचं.

अलोदियानं डोळे मिटले. "आजीच्या केसांत कंगवा आहे. सदऱ्याला दोन बटणं कमी आहेत. पायाशी मांजर आहे, त्याचा एक कान दुमडलाय. आणि आजीच्या हातात सुई आहे."

"उघड डोळे."

तिनं बघितलं. कंगवा होता. बटणं कमी होती. मांजर होतं, कानही दुमडलेला होता. आजीची बोटं सुई धरल्यासारखी जुळली होती, पण बोटांमध्ये काहीच नव्हतं.

"पण मला दिसली हो, आजोबा! चमकली सुद्धा!"

"दिसली असेल. मी कुठं नाही म्हणतोय?" आजोबांनी तिच्या डोक्यावर टिचकी मारली. "फाटका सदरा, वाकडी मान, जुळलेली बोटं. सुई असायला हवी होती, म्हणून तू ती आणून ठेवलीस. सगळेच ठेवतात. मी एकदा एका गिऱ्हाइकाला दोन्ही कान आहेत असं धरून चाललो होतो."

"मग?"

"मग काय! नशीब, कात्री लावायच्या आधी नीट बघितलं."

अलोदिया खूप हसली. मग पुन्हा आजीबाईच्या रिकाम्या बोटांकडं बघत राहिली. शेवटी आपलं मत तिनं तिलाच दिलं.

संध्याकाळी ती दोघं खेळाच्या दालनात पोहोचली तेव्हा मागच्या खोलीत भांडण चाललं होतं.

खोली लहान होती. बाकावर आजोबांचा जावई, वोरोकाका, बसला होता. पांढरी विजार, कमरेला निळा पट्टा, दोन्ही तळहात वर करून मांडीवर ठेवलेले. समोर चिकटपट्टीची गुंडाळी आणि पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे. त्याची बायको कॉन्सोलमावशी हाताची घडी घालून भिंतीशी उभी होती.

"मी बांधणार नाही," मावशी म्हणाली. "डॉक्टर काय बोलले ते तूही ऐकलंस. सकाळी कॉफीचा कप सुटतो हातातून, आणि हे निघाले चेंडू मारायला."

"कॉन्सोल, आजचा दिवस."

"आजचा दिवस, आजचा दिवस! कितवा आजचा दिवस हा?"

आजोबा दारातूनच म्हणाले, "जावईबापू, चाळिशी आली. आता आमच्यासारखं बाकावर बसून दुसऱ्याला शिव्या घालायला शिका. त्यातही मजा असते."

वोरो हसला, पण त्याचं लक्ष मावशीकडंच होतं. "आज हरलो तर सोडतो. तुला शब्द दिलाय. पण जिंकलो तर अंतिम सामना खेळणार, सणाच्या आठवड्यात, आपल्या शहरात, ह्याच फरशीवर. इतकी वर्षं खेळलो, तो सामना एकदाही मिळाला नाही मला. तेवढा खेळू दे."

मावशीनं हाताची घडी सोडली नाही. उजव्या हाताची पट्टी वोरोनं स्वतःच दातानं ओढून बांधली. डावी राहिली. एक हात पट्टीत गेल्यावर दुसरी एकट्यानं बांधता येत नाही.

"मी बांधू, काका?" अलोदियानं विचारलं.

वोरोनं तिच्यापुढं हात केला. तळहात जाड होता, बोटांची पेरं सुजलेली. आधी पुठ्ठ्याचा तुकडा पेरांखाली, मग त्यावर पट्टी, मग आडवी, मग अंगठ्याच्या मुळातून. तो सांगत गेला तशी ती बांधत गेली. बांधताना जीभ तिच्या ओठांवर आली होती.

"घट्ट?"

"अजून एक वेढा. हं. आता ऐक, बये. आमच्याकडं रीत आहे. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, आणि ती खेळ संपल्यावर. मध्ये कुणी पट्टी सोडायला हात लावला तर समजायचं खेळ संपला. कॉन्सोलनं इतक्या वर्षांत एकदाही मध्ये हात लावला नाही. आज तू आहेस."

मावशी भिंतीपासून दूर झाली आणि वरच्या सज्जात बसायला निघून गेली.

खालच्या पायरीवर बसायला आजोबांचा विरोध होता. "तिथं चेंडू लागतो."

"म्हणूनच तिथं बसायचंय."

"आणि नाकावर लागला तर तुझ्या आईला मी काय सांगू?"

शेवटी आजोबा दोन पायऱ्या वर, तिच्या पाठीमागं बसले. तिच्या शेजारी एक ऐसपैस गृहस्थ होते. नाव तोनेत, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. त्यांनी आधी तिला मूठभर शेंगा दिल्या, मग उपदेश.

"पाय आत. पाठ कधी फिरवायची नाही. चेंडू आला तर धरायचा नाही, ढकलायचा नाही. आपण म्हणजे भिंत. भिंत कधी हलते का?"

"भिंत शेंगा खाते का?" अलोदियानं विचारलं.

तोनेत पोट हलवत हसले. "वोरोची भाची शोभतेस! आणि ऐक, डोळे उघडे ठेव. तो बघ, आपला भला माणूस." दोराशेजारी एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. पंचाला तिथं भला माणूस म्हणतात. ह्याचं नाव बतिस्ते. "त्याला एखादा चेंडू दिसला नाही तर तो पायरीला विचारतो. जो जवळ बसला असेल त्याला. आणि पायरीनं सांगितलं की त्यावर वाद नाही. गेल्या वर्षी मला विचारलं होतं."

"मग काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, मी शेंग सोलत होतो."

खेळ सुरू झाला आणि हसणं मागं पडलं.

वोरोची जोडी निळी. समोरच्या लाल जोडीत आर्नाउ होता. तरुण, खांदे बैलासारखे, चेंडू मारला की भिंत वाजायची. वोरोकडं तेवढा जोर नव्हता, पण चेंडू कुठं जाणार हे त्याला आधी कळायचं. आर्नाउ धावायचा, वोरो नुसता तिथं जाऊन उभा असायचा. चेंडू एकदा टप्पा खाईपर्यंत परतवायचा, दोरावरून पलीकडं घालवायचा. दुसरा टप्पा पडला की गुण गेला. नियम एवढाच. बाकी सगळं हातात आणि छातीत.

एकदा चेंडू तोनेतच्या खांद्यावर बसला. "मेलो!" ते ओरडले, आणि लगेच शेंग तोंडात टाकली.

निळे पुढं गेले. मग लाल पुढं गेले. वोरोचा सदरा पाठीला चिकटला. डावा हात तो मधूनमधून मांडीवर दाबून धरत होता. अलोदियाची नजर आपण बांधलेल्या पट्टीवर होती. एक कड जराशी सुटली होती, पण बाकी पट्टी पक्की होती.

आणि शेवटी असं झालं की लालांना एकच गुण हवा होता. तो मिळाला की सामना संपला. निळ्यांना मिळाला तर बरोबरी, आणि खेळ पुढं चालू.

बाहेर गल्लीत फटाक्यांची माळ लागली. ह्या खेपेला अलोदिया दचकली नाही. तिनं ती ऐकलीच नव्हती.

चेंडू चार-पाच वेळा दोरावरून गेला, आला. मग आर्नाउनं सगळा जोर काढून एक फटका मारला, सरळ पायऱ्यांच्या कडेनं. चेंडू फरशीवर टप्पा घेऊन थेट तोनेतच्या तोंडाकडं उसळला. तोनेतनी डोळे गच्च मिटून मान खाली घातली. शेंगा सांडल्या. मागची माणसं आडवी झाली. चेंडू तोनेतच्या टकलावर आपटून अलोदियाच्या पायाशी पडायला लागला, आणि वोरो आला. आला कसला, घसरतच आला, छातीवर, डावा हात पुढं काढून. त्या हातानं चेंडू उचलला. चेंडू उडाला, दोराला जेमतेम शिवून पलीकडं गेला आणि रिकाम्या कोपऱ्यात मरून पडला.

सज्जा उभा राहिला. "निळे! निळे!"

"दोन टप्पे!" लाल बाजूचा एक माणूस ओरडला. "खाली पडल्यावर उचलला!"

"तुला तिथून दिसलं होय रे? चष्मा घरी ठेवून आलास वाटतं!"

"तुझ्या बापानं हात लावला होता काय चेंडूला?"

बतिस्तेनी हात वर केला. आवाज हळूहळू बसला. "मला दिसलं नाही," ते म्हणाले. "वोरोच्या जोडीदाराची पाठ मध्ये होती." मग ते वोरोकडं वळले. "तू सांग. तुझा शब्द मला चालतो."

वोरो अजून फरशीवरच बसला होता, धापा टाकत. त्यानं डावा हात उलटासुलटा करून बघितला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. "देवाशपथ, बतिस्ते, मला माहीत नाही. पुठ्ठ्यातून काही कळत नाही. चेंडू लागला, फरशी लागली, सगळं एकदमच. मला नका विचारू."

"तोनेत?"

तोनेत डोकं चोळत होते. "मी डोळे मिटले होते." ते पहिल्यांदाच लाजलेले दिसले. "ह्या खेपेला शेंगही सोलत नव्हतो."

कुणी हसलं नाही. बतिस्तेंची नजर सरकत सरकत अलोदियावर आली.

"तू? तुझे डोळे उघडे होते?"

अलोदियानं मान हलवली. हो.

"ती वोरोची भाची आहे!" मघाचाच माणूस पुन्हा ओरडला. "घरचा साक्षीदार! वा!"

"आणि इथली सुद्धा नाही! तिला खेळातलं काय कळतं?"

"गप्प बसा!" बतिस्तेंचा आवाज चिरका होता, पण दालनभर पोहोचला. "पायरीवर बसते ती पायरी. भाची नाही, पाहुणी नाही." मग त्यांनी आर्नाउकडं बघितलं. "तुझी हरकत आहे?"

आर्नाउ घाम पुसत जवळ आला. मोठ्यामोठ्यानं श्वास घेत त्यानं अलोदियाकडं बघितलं, मग वोरोकडं. "विचारा तिला. ती म्हणेल ते मला कबूल."

तो "तिला नको" म्हणाला असता तर किती बरं झालं असतं!

"बोल पोरी," बतिस्ते म्हणाले. "त्याच्या हाताआधी चेंडू खाली पडला, की नाही? घाई नाही."

घाई नाही म्हणाले खरे, पण सगळं दालन श्वास धरून होतं. अलोदियानं वर सज्जाकडं बघितलं. मावशी कठड्याशी उभी होती, बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. ती काय मागत होती, वोरोनं जिंकावं की आता हे थांबावं, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. अलोदियानं वोरोकाकाकडं बघितलं. तो तिच्याकडं बघतच नव्हता. आपल्या पट्टीची सुटलेली कड अंगठ्यानं दाबून चिकटवत होता, पुन्हा पुन्हा.

मग तिनं मागं वळून आजोबांकडं बघितलं. आजोबा डोळे मिटून बसले होते.

"म्हाताऱ्याला बघवत नाही," कुणीतरी पुटपुटलं.

पण अलोदियाला ठाऊक होतं. तिनंही डोळे मिटले.

लगेच तिला सगळं दिसलं. हात दिसला. फरशीला टेकलेला, वाटीसारखा वळलेला, आणि चेंडू त्यात अलगद येऊन बसणारा. मध्ये बोटभर सुद्धा जागा नाही. पट्टी पांढरी स्वच्छ, सुटलेली कडसुद्धा नाही. किती सुंदर दिसत होतं ते! तोंड उघडून "नाही पडला" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. सज्जा नाचला असता. काकानं तिला खांद्यावर घेतलं असतं. तिचे ओठ हलले सुद्धा.

पण सुटलेली कड कुठं गेली?

ती कड तर मघापासून लोंबत होती. आत्तासुद्धा लोंबत होती. आणि ह्या चित्रात ती नव्हती. आजीबाईच्या बोटांत सुई चमकली होती, अगदी तशीच ही पट्टी चमकत होती.

तिनं ते चित्र सोडून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली, आता हाताकडं न बघता. तोनेतचं वाकलेलं डोकं. सांडणाऱ्या शेंगा. आपला डावा बूट, त्याची नाडी, नाडीजवळ फरशीची एक तडा गेलेली कड. चेंडू वरून आला. त्या तड्याजवळ एक शेंग पडली होती. चेंडू तिच्यावर आला आणि शेंग फुटली. कुरकुरीत असा बारीकसा आवाज झाला. चेंडू किंचित वर उठला. आणि मग, त्यानंतर, हात आला.

अलोदियानं डोळे उघडून पायाशी बघितलं. डाव्या बुटाजवळ, तड्याच्या कडेला, एक शेंग चपटी होऊन पडली होती. आजूबाजूच्या सगळ्या शाबूत होत्या.

तिनं बूट जरासा पुढं सरकवला असता तर ती झाकली गेली असती.

"काय, पोरी?" बतिस्तेंनी हळूच विचारलं.

अलोदिया पायरीवरून उठली. बुटाजवळची ती चपटी शेंग तिनं उचलली, बतिस्तेंच्या हातात ठेवली, आणि तशीच पुढं गेली. वोरोकाकाजवळ फरशीवर गुडघे टेकून बसली. त्यानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं त्याचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, सुटलेली कड चिमटीत धरली, आणि त्या शांत दालनात पट्टीचा पहिला वेढा सोडायला लागली.